साखर उतरली की वाइन चढली?

थंडी सरत आली की मुंबई-पुण्याहून नाशिककडे येणाऱ्या गाड्या वाढतात. त्यातल्या सगळ्याच पंचवटीला किंवा त्र्यंबकेश्वरला जात नाहीत. जानेवारी ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीकडे, इगतपुरीच्या बाजूला वायनरी पाहायला लोक येतात. शनिवारी पहाटे निघायचं, दोन-तीन वायनरी करायच्या, मिसळ खायची, एक मुक्काम आणि रविवारी चिवड्याची पाकिटं घेऊन परत, असा बेत असतो. पूर्वी यात तरुण मंडळी जास्त दिसत. आता मुलं मार्गी लागलेली, पन्नाशी-साठीतली जोडपीही दिसतात. दोघांनी मिळून दोन दिवस कुठंतरी जावं, हे मला डॉक्टर म्हणूनही चांगलंच वाटतं. फक्त या वयाच्या पर्यटकांच्या बॅगेत गोळ्यांची डबी असते, आणि सहलीचं वेळापत्रक आखताना तिचा विचार कोणी केलेला नसतो.

आधी थोडं गणित. टेस्टिंगला बसलं की पाच-सहा प्रकारच्या वाइन समोर येतात, प्रत्येकी ३० ते ५० मिली. ग्लासच्या तळाशी घोटभर दिसते, त्यामुळे ‘नुसती चाखली’ असं वाटतं. सरासरी ४० मिली धरली, तर सहा वेळा मिळून २४० मिली होते. वाइनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे एका टेस्टिंगमध्ये सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये ते १० ग्रॅम असतं. म्हणजे ‘चाखणं’ हे अडीच पेगांच्या बरोबरीचं झालं. दिवसभरात तीन वायनरी केल्या तर माणशी जवळजवळ पूर्ण बाटली संपते. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमधल्या वाइनविक्रीचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं. राजकारणात ते चालत असेल, यकृताला मात्र हा फरक कळत नाही. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच हाताळू शकतं. एका टेस्टिंगचा निचरा व्हायला तीन तास लागतात आणि पुढची वायनरी वीस मिनिटांवर असते.

चवीची परीक्षा करणारे तज्ज्ञ घोट तोंडात घोळवून थुंकतात. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. आपल्याकडे एरवी रस्त्यावर बिनदिक्कत थुंकणाऱ्यांनाही तिथे थुंकायला संकोच वाटतो. शिवाय पैसे मोजलेले असतात.

आता आमच्या रुग्णालयात आलेल्या एका जोडप्याविषयी सांगते. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे, पत्नी चार वर्षांनी लहान. ठाण्याहून सकाळी सहाला निघाले. गृहस्थांना बारा वर्षांपासून मधुमेह. सकाळची गोळी त्यांनी नेहमीच्या वेळी, चहा-बिस्किटांबरोबर घेतली, कारण नाशिकला पोचून मिसळ खायचीच होती. मिसळीच्या ठिकाणी ही रांग! टेस्टिंगची वेळ चुकेल म्हणून ‘नंतर खाऊ’ असं ठरलं. साडेअकराला पहिली वायनरी, एकला दुसरी. जेवणाची ऑर्डर दिली तेव्हा अडीच वाजले होते. जेवण यायच्या आधीच गृहस्थांना घाम सुटला. ते असंबद्ध बोलू लागले, उगाच चिडले, उठताना तोल गेला. शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. पत्नीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांना गाडीत नेऊन झोपवलं. झोप झाली की उतरेल, हा आपल्या सगळ्यांचा समज. तासाभराने हाक मारली, तर ते उठेनात.

आमच्याकडे आणलं तेव्हा बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. ती ३४ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत असं विचारलं. ‘तोंडाला वास येत होता हो, म्हणून मला चढलीच वाटली,’ असं त्या बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. यात त्यांची काही चूक नव्हती. घाम, बडबड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, अडखळती चाल, मग ग्लानी ही यादी दारूच्या अमलाची आहे आणि साखर उतरण्याचीही आहे. दोन्ही एकाच वेळी असतील, तर नुसतं पाहून कोणालाच फरक करता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. तो फरक ग्लुकोमीटर दाखवतो. साखर बराच वेळ फार खाली राहिली, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, प्रसंगी मृत्यूही. म्हणून मधुमेही माणूस ‘प्यायलाय’ असं वाटलं, तर आधी साखर बघायची.

असं का होतं? दोन जेवणांच्या मधल्या काळात रक्तातली साखर टिकवायचं काम यकृत करतं. आधी ते साठवलेली साखर सोडतं. साठा आटत आला, की प्रथिनांच्या घटकांपासून आणि इतर पदार्थांपासून नवी साखर बनवतं. अल्कोहोल आलं, की यकृत ते मोडण्याच्या कामाला लागतं आणि नवी साखर बनवण्याचं काम मंदावतं. पोट भरलेलं असेल तर हे जाणवत नाही. उपाशीपोटी जाणवतं. त्यात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातली गोळी घेतलेली असेल, तर ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहते, साखर कमी असो वा जास्त. खर्चाची बाजू मोकळी सुटलेली आणि जमेची बंद, अशी ही स्थिती. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचंही हेच होतं. नुसती मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली गोळी असेल, तर साखर इतकी उतरण्याची भीती बरीच कमी. मात्र आपल्याकडे मिश्र गोळ्या फार चालतात. ‘मी तर फक्त मेटफॉर्मिन घेतो’ म्हणणाऱ्याच्या गोळीत ग्लिमेपिराइड सर्रास निघतं. पाकिटावरची बारीक अक्षरं एकदा वाचा, नाहीतर औषधाच्या दुकानदाराला विचारा. लघवीवाटे साखर टाकणाऱ्या, ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या नावांच्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. उपाशीपोटी दारू घेतली, तर रक्तात आम्ल साचू शकतं.

या गृहस्थांना आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत सोडलं नाही. नातेवाइकांना ते पटत नव्हतं. माणूस तर छान बोलतोय! पण या गटातल्या गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ राहतो. एकदा वर आणलेली साखर पुन्हा घसरते. त्यांची रात्री अडीचला पुन्हा ६१ झाली होती.

बरेच जण उलटाच हिशेब करतात. वाइन गोड, द्राक्षांची, म्हणजे साखर वाढणार. म्हणून जेवणातली भाकरी कमी करतात, कोणी तर जास्तीची अर्धी गोळी घेतात. डेझर्ट वाइन गोड असते हे खरं, पण ‘ड्राय’ म्हणतात त्या वाइनमध्ये साखर अगदी थोडी उरलेली असते, बाकीची आंबताना अल्कोहोल झालेली असते. अशा दिवशी जेवण कमी करणं हेच धोक्याचं.

म्हणून नाशिकला आलात तर आधी मिसळ खा. हे मी गमतीने म्हणत नाही. मटकीत प्रथिनं आहेत, चोथा आहे, पावात पिष्ट आहे आणि तर्रीतलं तेल, ज्याबद्दल मी एरवी रुग्णांना रागावते, ते पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं. त्यामुळे अल्कोहोल रक्तात हळूहळू जातं. रक्तदाब असेल तर शेव आणि पापड बेताने घ्या, कारण मीठ तिथे असतं. तिखट झेपत नसेल तर रस्सा कमी आणि दही जास्त. मसालेदार खाण्यावर वाइन घेतली की ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांना छातीत जळजळ होण्याची शक्यता वाढते, कारण अन्ननलिकेच्या खालची झडप अल्कोहोलने सैल पडते. टेस्टिंगबरोबर चीजचे दोन तुकडे मिळतात, ते जेवण नव्हे. दुपारी भाकरी-पिठलं, भात-वरण, जे मिळेल ते वेळेवर जेवा आणि दिवसाला एकच वायनरी ठेवा. बाकीच्या द्राक्षबागा नुसत्या पाहायलाही सुंदर असतात.

सोबत ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडरचं पाकीट ठेवा. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला घाला. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर पचत नाही; तिथे ग्लुकोजच हवं. चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर वर यायला वेळ लागतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

‘पण डॉक्टर, रेड वाइन हृदयाला चांगली ना?’ हा प्रश्न येतोच. १९९१ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाने ही कल्पना घरोघरी पोचवली. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयरोगाने कमी मरतात, ते वाइनमुळे, असा तर्क होता. पुढे त्यातल्या त्रुटी दिसू लागल्या. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले बरेच जण होते, त्यामुळे थोडी पिणारे तुलनेने तंदुरुस्त भासले. ज्या रेस्व्हेराट्रॉलचं कौतुक होतं, ते लिटरभर वाइनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचं १९८८ पासून मान्य आहे, स्तनाचा कर्करोगही त्यात येतो. कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. चव आवडते म्हणून घेत असाल तर तसं म्हणा, औषध म्हणून घेऊ नका. जे पीत नाहीत, त्यांनी हृदयासाठी सुरुवात करण्याचं काही कारण नाही. यकृताचा आजार, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा एकदा सुटलेलं व्यसन यातलं काहीही असेल, तर घोटभरही नको.

घरी पत्नीने नवऱ्याच्या बरोबरीने ग्लास घेतले, तर परिणाम बरोबरीचा होत नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वाइनने रक्तातली पातळी जास्त चढते. ‘यांनी जास्त घेतली, मी चालवते’ हा तोडगा म्हणून चालत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. रिकाम्या पोटी झालेली एक टेस्टिंग ती सहज ओलांडते. कसारा घाट उतरायचा असेल तर चालवणाऱ्याने प्यायचीच नाही, किंवा स्थानिक टॅक्सी करायची.

राहिली रविवारची सकाळ. अल्कोहोलमुळे साखर दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरू शकते. शनिवारी रात्री झोपण्याआधी साखर तपासा आणि काही खाऊन झोपा. उठल्यावर नेहमीची गोळी घेण्याआधी पुन्हा तपासा. नाश्ता समोर आला की मगच गोळी घ्या, मिसळीच्या रांगेत उभं राहून नको.