जमिनीवर ठेवला की रोबो का अडतो?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टेरी टॉवेल विणले जातात. तिथल्या एखाद्या शेडमध्ये लांबून, बारीक वायरीवर लाइन आणलेली असेल आणि चार-सहा माग एकदम चालू केले, तर दिवा क्षणभर मंदावतो. मागाची इंडक्शन मोटर थांबलेल्या अवस्थेतून उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि व्होल्टेज वायरीतच खर्ची पडतं.

याच शहरात अभियांत्रिकी शिकणारी मुलं पिवळ्या बीओ (बॅटरी ऑपरेटेड) मोटरी लावून लाइन फॉलोअर रोबो बनवतात, तेव्हा हेच घडतं. चाकं वर करून ठेवलेला रोबो झकास फिरतो. जमिनीवर ठेवला की झटका देतो, बोर्डावरचा दिवा विझतो, पुन्हा लागतो, पुन्हा झटका. मग रात्रभर प्रोग्रॅम तपासला जातो, बिचाऱ्या प्रोग्रॅमचा काही दोष नसताना.

दोष बहुधा ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा. नव्या बॅटरीचाही अंतर्गत रोध दीड-दोन ओम असतो. दोन मोटरींनी सुरू होताना मिळून २ अँपिअर ओढले, तर ३ ते ४ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच जिरतात. उरलेल्या पाच-सहातले दोनेक व्होल्ट एल२९८ हा जुना मोटर ड्रायव्हर खातो. मायक्रोकंट्रोलरचं व्होल्टेजही त्याच बॅटरीतून येत असल्याने तो रीसेट होतो. ही बॅटरी स्मोक अलार्मसारख्या, थेंबाथेंबाने वीज घेणाऱ्या उपकरणांसाठी ठीक. मोटरीला ती जोडूच नये.

१८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे ‘१८६५०’ लिथियम सेल दोन घेऊन सिरीजमध्ये जोडले, तर ७.४ व्होल्ट मिळतात. चांगल्या सेलचा रोध ओमच्या काही शतांशांइतकाच, त्यामुळे २ अँपिअरलाही घसरण नगण्य. गंमत म्हणजे इथे एल२९८ची उधळपट्टी पथ्यावर पडते, कारण बीओ मोटरीला ३ ते ६ व्होल्टच हवे असतात. फक्त सेलवर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं तर तो दुकानातच ठेवावा. या आकारात ३५०० च्या आसपास मिळाले तरी सेल उत्तम म्हणायचा. प्रत्येक सेलचं चार्जिंग ४.२ व्होल्टच्या वर आणि वापर ३ च्या खाली जाऊ नये म्हणून बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) हवंच. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली हे सेल ठेवणं तर धोक्याचंच.

आता मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला लागणारे ५ व्होल्ट कुठून आणायचे? ७८०५ हा रेग्युलेटर स्वस्त, पण जास्तीचं व्होल्टेज तो निव्वळ उष्णता करून टाकतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून अर्धा अँपिअर घेतला, तर साडेतीन वॅट उष्णता. हीटसिंक नसेल, तर तो काही वेळात स्वतःच बंद पडतो, सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर लवकरच. एलएम२५९६चा बक कन्व्हर्टर वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवतो. त्यामुळे बरीच कमी वीज वाया जाते. त्याचा छोटा स्क्रू फिरवून, मीटरवर ५ दिसल्यावरच बोर्ड जोडायचा.

मोटर ड्रायव्हर आणि बक, दोन्हींच्या वायरी बॅटरीच्या टोकांपासूनच वेगळ्या काढाव्यात. ग्राउंड मात्र एकच. मोटरीच्या ब्रशांच्या ठिणग्यांमुळे होणाऱ्या विद्युत गोंगाटावर उपाय म्हणून तिच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. काही रुपयांत मिळतो.