भूआच्छादक गुलाब

रोझेसी कुलातील रोझा या प्रजातीच्या ज्या जाती व संकरज प्रकार फारसे उंच न वाढता जमिनीलगत आडवे पसरतात आणि काही काळाने आपल्या पानाफांद्यांनी खालची माती झाकून टाकतात, त्यांना भूआच्छादक गुलाब म्हणतात. वनस्पतिवैज्ञानिक दृष्ट्या हा स्वतंत्र गट नाही. वाढीच्या सवयीवरून बागकाम करणाऱ्यांनी केलेला तो वर्ग आहे. उंची साधारणतः ३०–९० सेंमी. असून पसारा त्याहून अधिक, काही प्रकारांत दोन मी.पेक्षाही जास्त असतो. फुले लहान व झुबक्यांनी येतात. बहुतेकांना वास मंद असतो किंवा मुळीच नसतो. टपोऱ्या, लांब देठाच्या फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या हायब्रिड टी गुलाबांना नियमित छाटणी, खते व औषधांच्या फवारण्या लागतात [→ गुलाब]. याउलट भूआच्छादक गुलाबांची ख्याती थोड्या निगेत फुलणारे झाड अशी आहे. ही ख्याती मात्र समशीतोष्ण देशांत मिळालेली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील इन्सुलीसारख्या (ता. सावंतवाडी) गावाच्या परिसरात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेथे ‘थोडी निगा’ म्हणजे काय, हे पावसाकडे पाहूनच ठरवावे लागते.

इतिहास व प्रकार : आजच्या बहुतेक प्रकारांत रोझा विचुराना या जातीचा अंश प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आलेला आहे. जपान, कोरिया, तैवान व पूर्व चीन येथील ही जाती माक्स विचुरा या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाते. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिचा समावेश रोझा ल्युसी या जातीत करतात. तिच्या लवचिक फांद्या जमिनीवर कित्येक मी. सरपटत जातात व टेकतील तेथे मुळे धरतात. पाने चकचकीत व फुले पांढरी, एकेरी असतात. अमेरिकेत दफनभूमी व उतार झाकण्यासाठी तिचा वापर झाल्यामुळे तिला तेथे ‘मेमोरिअल रोझ’ असे नाव पडले. तिचा व जपानी किनाऱ्यावरील रोझा रुगोजाचा संकर ‘माक्स ग्राफ’ १९१९ मध्ये अमेरिकेत प्रसारात आला. तो जवळजवळ वांझ होता. तथापि जर्मनीतील व्हिल्हेल्म कोर्डेस यांना त्याच्यापासून मिळालेल्या फलनक्षम रोपातून काटक गुलाबांची एक नवी शाखाच निर्माण झाली.

इंग्लंडमध्ये ॲन बेंटल यांनी १९३२ मध्ये प्रसृत केलेला, लहान गुलाबी फुलांचा ‘द फेअरी’ हा पॉलिअँथा गटातील प्रकार आजही या वर्गातील सर्वांत भरवशाचा मानला जातो. त्यानंतर अमेरिकेत ‘सी फोम’ (१९६४) व जपानमध्ये तोरू ओनोदेरा यांचा ‘नोझोमी’ (१९६८) हे प्रकार आले. यूरोपात मजुरी महाग झाल्यावर नगरपालिकांना रस्त्याकडेच्या उतारांवर व उद्यानांत फारसे मनुष्यबळ न लागणारे फुलझाड हवे होते. त्या मागणीतून १९७० नंतरच्या दोन दशकांत अनेक नवे प्रकार निघाले. त्यांपैकी जर्मनीतील नोआक यांचा ‘हायडेट्राउम’ हा ‘फ्लॉवर कार्पेट’ या व्यापारी नावाने जगभर गेला. जर्मनीत नव्या गुलाबांची अनेक वर्षे निरनिराळ्या ठिकाणी चाचणी घेऊन ‘एडीआर’ हे प्रमाणचिन्ह देण्याची पद्धत आहे. १९९० नंतरच्या दशकात या चाचण्यांतून कवकनाशकांची फवारणी वगळण्यात आली. फवारणीविना जे झाड निरोगी राहील तेच पसंत करावयाचे, या कसोटीला भूआच्छादक गुलाब चांगले उतरले.

पाऊस व काळे ठिपके : वरील कसोटीचा निर्णय कोकणाला जसाच्या तसा लागू होत नाही. गुलाबाचा सर्वांत त्रासदायक रोग म्हणजे डिप्लोकार्पॉन रोझी या कवकामुळे होणारा काळ्या ठिपक्यांचा रोग. पानावर पाण्याचा थर सुमारे ७ तास सलग टिकला की, कवकाचे बीजाणू रुजून पानात शिरतात. सुमारे २४° से. तापमानात रोग झपाट्याने वाढतो. यूरोपात उन्हाळी सर पडून गेल्यावर पाने काही तासांत वाळतात. कोकणात आषाढ-श्रावणात ती कित्येक दिवस वाळतच नाहीत आणि तापमानही कवकाला मानवेल असेच राहते. शिवाय कवकाचे अनेक वंशप्रकार असून, एका देशात प्रतिकारक ठरलेला गुलाब दुसरीकडे बळी पडू शकतो. पाने पिवळी पडून गळतात, झाड पुन्हा पालवते, ती पानेही गळतात आणि सप्टेंबरअखेर नुसत्या काड्या उरतात. जमिनीलगतच्या गुलाबाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते : त्याच्या दाट पसाऱ्यातून वारा खेळत नाही आणि पावसाच्या थेंबांनी उडणारा चिखल, गळलेल्या पानांवरील बीजाणूंसह, थेट पानांवर बसतो.

सुपारीच्या बागांत कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारण्याची पद्धत या भागात रूढ असल्याने तेच गुलाबावरही वापरावे असे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु सतत ओलावा असताना ताम्रयुक्त औषध गुलाबाच्या कोवळ्या पानांना बाधते आणि मुसळधार पावसात ते टिकतही नाही. घरच्या बागेत फवारणीपेक्षा जागेची व प्रकाराची निवड अधिक कामाची ठरते.

भारतात या दृष्टीने लक्षणीय जाती म्हणजे रोझा क्लिनोफिला. बंगाल व बिहारमधील नद्यांच्या काठी, पाणथळ जागी ती वाढते व पुराच्या पाण्यात काही काळ बुडाली तरी तग धरते. गुलाबाची मुळे पाण्यात कुजतात या सर्वसाधारण नियमाला ती अपवाद आहे. कोडईकानल येथे एम. एस. वीरराघवन यांनी ही जाती आणि ईशान्य भारतातील रोझा जायगँशिया यांचा उपयोग करून उष्ण प्रदेशांसाठी गुलाब पैदास करण्याचे काम दीर्घकाळ केले. थंड देशांत तयार झालेले गुलाब आणून ते येथे जगविण्यापेक्षा येथील रानजातींपासून सुरुवात करावी, हा त्यामागील विचार कोकणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. असे संकरज प्रकार हाती नसतील, तर ‘बटन गुलाब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान फुलांच्या पॉलिअँथा व लघुगुलाबांपैकी पसरट वाढीचे प्रकार घेणे बरे. आदल्या पावसाळ्यात उघड्यावर राहूनही ज्याची निम्मी पाने टिकली, अशा शेजारच्या झाडाची काडी ही दुरून आणलेल्या नामांकित रोपापेक्षा अधिक खात्रीची असते.

जागा व लागवड : इन्सुली परिसरातील जमीन जांभ्या खडकापासून बनलेली, आम्लधर्मी व निचऱ्याची आहे, मात्र मातीचा थर पातळ असेल तेथे खालच्या कातळावर पाणी साचते. गुलाबाला ४५ सेंमी. तरी मोकळी माती लागते. ती नसल्यास चिऱ्यांचा दीड-दोन फूट उंचीचा ओटा बांधून त्यात माती, चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू यांचे मिश्रण भरावे. फांद्या ओट्याच्या कडेवरून खाली लोंबू दिल्यास पाने चिखलापासून दूर राहतात, वारा दोन्ही बाजूंनी लागतो व फुलेही चांगली दिसतात. या प्रदेशात भूआच्छादक गुलाबाचा सर्वांत योग्य उपयोग हाच होय. सपाट अंगणात त्याचा गालिचा करण्याचा खटाटोप बहुधा वाया जातो. निदान सहा तास ऊन, विशेषतः सकाळचे, मिळणे आवश्यक असते. माडाच्या वा फणसाच्या सावलीत आणि कौलांच्या पागोळ्या पडतात त्या रेषेत गुलाब लावू नये. सावलीच्या जागी गुलाबाचा हट्ट धरण्यापेक्षा अबोली लावणे शहाणपणाचे. तिच्या फुलांचा वेणीसाठी उपयोगही होतो, जो या गुलाबांचा फारसा होत नाही.

लागवड पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करावी. दोन झाडांत ६०–९० सेंमी. अंतर ठेवावे. माती फार आंबट असल्यास लागवडीपूर्वी थोडा चुना मिसळावा. शक्यतो स्वतःच्या मुळांवर वाढलेले रोप घ्यावे. डोळा भरलेल्या कलमाच्या खुंटाला जमिनीतून फुटवे येतात. पसरट झाडाच्या गर्दीत ते लवकर ओळखू येत नाहीत आणि दोन-तीन वर्षांत मूळ प्रकार नाहीसा होऊन खुंटच उरतो. अभिवृद्धी सोपी आहे. १५–२० सेंमी. लांबीची पक्व काडी रोवून किंवा आडवी फांदी मातीत दाबून व वर चिरा ठेवून नवे रोप मिळते.

निगा : पहिली दोन वर्षे खरे श्रम तणाचे असतात. फांद्या एकमेकींत मिसळेपर्यंत जमीन उघडी राहते व काट्यांत हात घालून गवत काढणे जिकिरीचे असते. म्हणून लागवडीपूर्वीच हराळी व लव्हाळा मुळापासून काढावा. ऑक्टोबर ते मे या काळात भाताचा पेंढा वा सुका पालापाचोळा पसरल्यास तण दबते व पाणी कमी लागते. मृग लागण्यापूर्वी मात्र हे आच्छादन गळलेल्या पानांसह उचलावे व आतील जुन्या, गुंतलेल्या फांद्या काढून वाऱ्याला वाट द्यावी. ऑक्टोबरात झाड कुंपण कापण्याच्या कात्रीने निम्मे छाटून शेणखत दिले की, नोव्हेंबरपासून फुले येऊ लागतात व हिवाळ्यात मुख्य बहर असतो. पावसाळ्यातील पानगळीने घाबरून जाऊन खते व औषधे देत बसू नये. त्या चार महिन्यांत झाड जगले म्हणजे पुरे.

कोकणात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. दाट, काटेरी व जमिनीलगतच्या आच्छादनाखाली उंदीर, बेडूक व त्यांच्यामागे साप येतात. फुरसे हा लहान पण अतिशय विषारी साप सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या जांभ्या प्रदेशात विपुल आहे व तो दगडांच्या फटींत आणि खुरट्या झुडपांखाली दडून राहतो. म्हणून हे गुलाब दारालगत, पायवाटेच्या कडेला किंवा सैल दगड रचलेल्या गडग्यावर लावू नयेत. सांधे बुजवून बांधलेला ओटा निवडावा. पसाऱ्याभोवती हात-दीड हात रुंदीची जागा झाडून मोकळी ठेवावी, पाने उचलण्यापूर्वी काठीने फांद्या हलवून पाहाव्यात आणि हे काम अंधार पडल्यावर करू नये.