गाडी सांगून बंद पडते

मोटारसायकल सहसा सांगून बंद पडते, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. रस्त्यात अडकलेला माणूस ‘अचानक बंद पडली हो’ असेच सांगतो. मीही एकदा सांगितले होते.

गोष्ट १९९५ च्या पावसाळ्यातली. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. माझी मोठी बहीण धडगावला राहायची. तिला दमा. औषधे संपल्याचा निरोप आला आणि मी दुपारी तळोद्याहून निघालो. वाटेत सातपुड्यातला चांदसैली घाट. पावसाचे पाणी पेट्रोलच्या टाकीत शिरू नये म्हणून मी झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून घट्ट बांधली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

घाटात गाडी आचके देत बंद पडली. किक मारून घाम फुटला. प्लग काढला, पुसला, लावला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, किलोमीटरभर गेली, पुन्हा बंद. असे चार वेळा. अंधार पडत आला आणि खिशात आपाची औषधे. शेवटी एक जीपवाला थांबला. एकच नजर टाकून म्हणाला, “भाऊ, आधी ही पिशवी सोडा. टाकीला हवा लागते.” झाकण उघडताच फुस्स आवाज झाला आणि गाडी सुरू झाली.

कारण साधे होते. झाकणाला बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली उतरते तशी तेवढी हवा त्यातून आत येते. हवा अडली की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी थोडी चालते. गाडी चार वेळा हेच सांगत होती; मी आपला प्लगच पुसत होतो.

रात्री पोहोचलो तेव्हा आपा उशीला टेकून बसली होती. तिला बोलवत नव्हते. औषध दिल्यावर पहाटे तिचा डोळा लागला. माझा लागला नाही.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. गाडी बंद पडली की आधी ती वळणावरून बाजूला घ्यायची आणि पाच मिनिटे किक मारायची नाही. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. टाकीत पेट्रोल आहे का, चावी उघडी आहे का, झाकण हवा घेते का, हे पाहायचे. मग प्लग. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पोहोचते, पण पेटत नाही. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तरी असे होते.

बाकीच्या सूचना घरीच मिळतात. क्लचची केबल एकदम तुटत नाही. लिव्हरपाशी तिचा एकेक धागा आधी सुटतो. चेन खडखडते, टायर गुळगुळीत होतो, ब्रेक जास्त दाबावा लागतो. गझलेत एक मात्रा चुकली तर कानाला खटकते. रोजच्या गाडीचा बदललेला आवाजही तसाच खटकायला हवा. लांब निघताना प्लग, प्लग-पाना, क्लच केबल, फ्यूज, चेनचे लॉक आणि पंक्चरचे सामान डिकीत असू द्या. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरते. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून पकड सोडतात.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. आता पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरली तर धक्का मारूनही गाडी सुरू होईलच असे नाही. तेव्हा आधी बॅटरीची टोके आणि फ्यूज पाहा. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तर तीही सूचनाच. ‘गावी जाऊन आल्यावर बघू’ म्हणू नका.

आपा आजही मी निघालो की दारात येऊन विचारते, “पिशवी कुठे बांधलीस?”