शेजाऱ्याची जामीनकी

१८१८ सालच्या वसंतात, प्रशियाच्या अमलाखाली नुकत्याच आलेल्या ऱ्हाइनकाठच्या मुलखात, अवघ्या पाच आठवड्यांच्या अंतराने दोन मुले जन्मास आली: ३० मार्च रोजी हाम नावाच्या खेड्यात फ्रीडरिक विल्हेल्म रायफायझेन आणि ५ मे रोजी ट्रिअर शहरात कार्ल मार्क्स. यांपैकी धाकट्याचे नाव घेऊन पुढे राज्ये उभी राहिली आणि कोसळली. थोरल्याचे नाव आपल्याकडे सहकाराच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही. आणि तरीही आपला शेतकरी पेरणीच्या तोंडावर ज्या ‘सोसायटी’च्या पायऱ्या चढतो तिची वंशावळ शोधीत गेल्यास ती याच थोरल्याच्या दारापाशी जाऊन थांबते. भांडवलशाही आणि समाजवाद या दोहोंविषयी ख्रिस्ती धर्माचे म्हणणे काय, या प्रश्नाचा विचार बहुधा धर्मवचने व धर्माज्ञा यांच्या आधारे केला जातो; तो एका कर्जाच्या वहीच्या आधारेही करता येतो, असे मला वाटते.

वचनांच्या आधारे निवाडा करू पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होते, कारण दोन्ही पक्षांना आपापला पुरावा पवित्र शास्त्रात सापडतो. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते; द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तर दिवस मावळताना कामावर आलेल्या मजुरालाही मालक पूर्ण दिवसाचा रोज देतो. यरुशलेमेतील पहिल्या विश्वासणाऱ्यांनी जमिनी विकून आलेला पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवला आणि ज्याची जशी गरज तशी त्याची वाटणी झाली, ही ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील हकीकत समाजवाद्यांना फार प्रिय आहे. मात्र त्याच पुस्तकात, विक्रीची काही रक्कम लपवून ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र जो जाब विचारतो त्यात, जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात होता, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. हनन्याचा अपराध खोटेपणाचा ठरतो, मालकीचा ठरत नाही.

या दोन टोकांना जोडणारे सूत्र तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने मांडले: वस्तूची व्यवस्था व्यक्तीच्या हाती असावी, कारण सर्वांच्या मालकीच्या वस्तूची निगा कोणीच राखत नाही, परंतु तिचा उपभोग घेताना ती सर्वांचीच आहे असे समजून मालकाने गरजवंताला वाटा द्यावा. व्याजाच्या बाबतीत मात्र व्यवहाराने धर्माला पावलोपावली वाकविले. मध्ययुगीन चर्चने व्याजास बंदी केली. गरिबाचे घर तरीही कर्जाविना चालेना, तेव्हा १४६२ साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने गहाणवटीवर अल्प दराने पैसा देणारी पेढी निघाली. आणि पुढील शतकात कॅल्व्हिनने, गरिबाला नाडले जात नसेल तर माफक व्याज घेण्यास हरकत नाही, असा निर्वाळा दिला.

यंत्रयुगात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. माइन्त्सचा बिशप केटेलर याने १८६४ साली मजुरांच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून, मजुरी ही बाजारातील मालासारखी मागणी-पुरवठ्याच्या हवाली करण्याच्या वृत्तीवर कोरडे ओढले. त्याच्या विचारांची दखल घेऊन १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. खासगी मालमत्ता हा निसर्गसिद्ध हक्क असल्याने ती नष्ट करू पाहणारा समाजवाद त्यांनी अमान्य केला. पण करार उभयपक्षी राजीखुशीचा असला तरी ज्या मजुरीत काटकसरी कामगाराचे पोट भरत नाही ती अन्यायाचीच, कामगारांना संघ स्थापण्याचा अधिकार आहे आणि दुर्बलांच्या रक्षणासाठी राज्यसंस्थेने हस्तक्षेप करणे कर्तव्य आहे, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. चाळीस वर्षांनी अकरावे पायस यांनी, जे काम लहान समूहाला साधते ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, या तत्त्वाची त्यात भर घातली. १९७१ साली पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी ‘मुक्तीचे ईश्वरशास्त्र’ मांडून गरिबांचा पक्ष घेणे हेच श्रद्धेचे लक्षण ठरविले, तेव्हा रोममध्ये मोठे वादळ उठले. आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव धारण करताना त्या १८९१ च्या परिपत्रकाचेच स्मरण करून दिले. परंतु परिपत्रकाने न्याय्य मजुरीचे तत्त्व सांगितले तरी बियाणाला पैसा कोठून आणावा, हे ज्याच्या घरी मजुरीच येत नाही अशा अल्पभूधारकाला त्यातून उमगत नाही.

रायफायझेनपुढे नेमका हाच माणूस उभा होता. तो स्वतः प्रॉटेस्टंट. गरिबीमुळे उच्च शिक्षणास मुकलेला, गावच्या पाद्र्याच्या हाताखाली शिकलेला आणि नेत्रविकारामुळे तोफखान्यातील नोकरी सोडावी लागलेला हा तरुण १८४५ साली वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागात वायरबुश व आसपासच्या खेड्यांचा मुख्य कारभारी झाला. पुढच्याच वर्षी पीक बुडाले आणि हिवाळ्यात दुष्काळ पडला. सरकारी कोठारातून पीठ मिळाले, पण ते रोख दामानेच विकावे असा हुकूम होता. ज्यांच्यापाशी दमडी नव्हती त्यांच्यासाठीच ते आले आहे असे मानून रायफायझेनने हुकूम बाजूस सारला, सधन गावकऱ्यांकडून वर्गणी जमविली, भट्टी बांधली आणि स्वस्त भाकरी उधारीने दिली.

तरी येथवर हा सारा दानधर्मच होता, आणि दानधर्माची दुखरी बाजू त्याला पुढील पंधरा वर्षांत कळून आली: देणाऱ्यांचा उत्साह ओसरतो आणि घेणाऱ्याची मान खालीच राहते. म्हणून १८६४ साली ऱ्हाइनकाठच्या हेडेसडॉर्फ येथे त्याने जी पतसंस्था स्थापली तिच्यात कर्ज घेणारेच सभासद झाले. संस्थेचे क्षेत्र एका धर्मग्रामाएवढे, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाची चूल ठाऊक असेल इतके लहान. हिशेबनिसाखेरीज सर्व पदाधिकारी बिनपगारी. नफा सभासदांत न वाटता त्याचा अविभाज्य राखीव निधी. आणि या सर्वांच्या मुळाशी अमर्यादित जबाबदारी, म्हणजे एकाने कर्ज बुडविले तर ते फेडण्यासाठी उरलेल्या सर्वांची शेतीवाडी बांधील. एकट्याच्या सहीला शहरातील पेढी विचारीत नव्हती. साऱ्या गावाच्या सहीवर ती बिनदिक्कत पैसा देऊ लागली. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा प्रवचनातून उतरून कर्जरोख्यावर आली ती अशी. आता शेजाऱ्याचे व्यसन किंवा त्याच्या गोठ्यातील आजारी गाय ही केवळ त्याची खासगी बाब उरली नाही.

या योजनेत जमीन ज्याची त्याचीच राहिली, म्हणून समाजवाद्यांना ती पुरेशी वाटली नाही. धोका सर्वांनी मिळून उचलला, म्हणून भांडवलदारांच्या शास्त्रातही ती बसेना. उदारमतवादी सहकारी पुढारी शुल्झ-डेलिच याचा तर आग्रह होता की स्वावलंबनास धर्माच्या टेकूची गरज नाही; रायफायझेन मात्र ख्रिस्ती प्रीतीवाचून ही जबाबदारी कोणी आपणहून पत्करणार नाही, असे अखेरपर्यंत म्हणत राहिला. त्याच्या कार्यास एक काळी बाजूही होती: सावकारीविरुद्धच्या या चळवळीच्या प्रचारात यहुदीद्वेष मिसळला होता, आणि प्रीतीच्या नावाने उभारलेल्या संस्थेला तो डाग विशेषच खुपतो.

आपल्याकडे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. सर विल्यम वेडरबर्न व न्यायमूर्ती रानडे यांनी पुरस्कारिलेली पुरंदर तालुक्यातील शेतकी बँकेची तजवीज विलायतच्या भारतमंत्र्याने नामंजूर केली. पुढे मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ साली दोन खंडांत अहवाल दिला, त्याचा इत्यर्थ असा की, हिंदुस्थानाने आपला रायफायझेन शोधावा. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा त्याच वळणावर झाला: ग्रामीण संस्थेला अमर्यादित जबाबदारी आणि नफा राखीव निधीत. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील, गदगजवळच्या कणगिनहाळ येथे संस्था नोंदली गेली. आणि १९१८ साली वसईत फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक रयतेची पतपेढी निघाली, ती आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून परिचित आहे.

कायद्याचा आराखडा आला, पण जेथे पाद्री आणि शेजारी होते तेथे सरकारी रजिस्ट्रार आला. धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे सदस्य होते तिच्या १९५४ सालच्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, अर्धशतक लोटूनही शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. त्यावर मोठ्या संस्था, मर्यादित जबाबदारी आणि सरकारी भागभांडवल हा उपाय निघाला. पैसा वाढला, आणि रायफायझेनने पायाशी घातलेला दगड निघून गेला. त्या उपायाला दोष देणे सोपे आहे. जातीजातींत विभागलेल्या गावात कोणी कोणासाठी शेतीवाडी बांधील ठेवावी, या प्रश्नाला समितीपाशी दुसरे उत्तर नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

संपत्ती कोणाची, या प्रश्नावर मार्क्सचे आणि भांडवलदारांचे दीडशे वर्षे भांडण चालले. ती बुडाली तर कोण कोणासाठी उभा राहील, हा त्यामागचा प्रश्न रायफायझेनने विचारला, आणि ख्रिस्ती अर्थविचारातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही. पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जावर जामीनदाराच्या सहीची जागा अजूनही राखलेली असते. तेथे सही करण्यापूर्वी आपण शेजाऱ्याचा सात-बारा पाहतो, त्याच्या घरी किती वेळा गेलो आहोत हेही वाचकाने एकदा आठवून पाहावे.