हजेरीचे मशीन आणि कारागिराची मजुरी

पूर्वी कारखान्यात मुकादम वहीत हजेरी मांडीत असे. आता बेकऱ्या, शिलाईची वर्कशॉप, फर्निचरचे कारखाने अशा छोट्या ठिकाणीही बोटाचा ठसा घेणारे मशीन आले आहे आणि महिनाअखेर संगणक हजेरीपट काढून देतो. वेळ वाचतो, एकाची हजेरी दुसऱ्याने लावणे थांबते, हे खरे. परंतु मशीन भिंतीवर लावले की काम संपले, असा आमच्या अनेक व्यापारी बंधूंचा समज दिसतो. तो दोन्ही बाजूंना महागात पडतो.

मुंबईतील एका बेकरीत आम्ही पाहिलेला प्रकार सांगतो. भट्टीवरचे कारागीर रात्री १० ला येत आणि सकाळी ६ ला जात. सॉफ्टवेअरमध्ये तारीख मात्र रात्री १२ ला बदलत होती. त्यामुळे सोमवारी रात्रीची एकच नोंद दिसे आणि तो दिवस खाडा धरला जाई. मंगळवारपासून सकाळी ६ ची नोंद येण्याची व रात्री १० ची जाण्याची समजून चक्क १६ तास लागत. मालकाने जादा तास चूक म्हणून सोडून दिले, खाडे मात्र खरे मानून मजुरी कापली. "सेठ, महिन्यात एक रात्रही चुकवली नाही, मग चार खाडे कसले?" असे एका जुन्या कारागिराने विचारले, तेव्हा कुठे चौकशी झाली. मशीनमधील मूळ नोंदी काढल्या, तर त्या सर्व बरोबर होत्या. चूक हिशेबाच्या मांडणीत होती. रात्रपाळीची वेगळी शिफ्ट बनवून दिवसाची सीमा दुपारी १२ ला ठेवली, महिन्याची हजेरी पुन्हा प्रोसेस केली आणि कापलेली मजुरी परत दिली गेली.

यावरून पहिला नियम असा की, तक्रार आली तर प्रथम मूळ नोंदी पाहाव्यात, मग हजेरीपट.

बाकीच्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय असे :

ठसा न लागणे : चुना, सिमेंट, कातडे किंवा घासकामाने बोटांच्या रेषा झिजतात. प्रत्येकाची दोन्ही हातांची किमान दोन बोटे नोंदवावीत. काच मऊ कोरड्या कापडाने पुसावी. तरीही ठसा लागत नसेल तर त्या कारागिराला कार्ड किंवा गुप्त क्रमांक द्यावा. त्याला दारात ताटकळत ठेवू नये.

घड्याळ पुढे-मागे होणे : वीज वारंवार जाते तेथे हे घडते. दर आठवड्याला मशीनची वेळ आणि तारीख तपासावी, बॅटरी बसवून घ्यावी.

संगणकात नोंदी न येणे : बहुधा केबल सैल असते किंवा राऊटर बदलल्यावर मशीनचा आयपी क्रमांक जुळत नाही. अनेक मशीनमधून पेनड्राइव्हवरही नोंदी काढता येतात. त्या उतरवून प्रत ठेवल्याशिवाय मशीनची मेमरी कधीही साफ करू नये.

उशिराची कपात : कारागीर रोज ५ मिनिटे उशिरा आला आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक वेळी अर्धा तास कापला, तर २६ दिवसांत १३ तास जातात. खरा उशीर २ तास १० मिनिटांचाच असतो. सवलतीची मिनिटे किती, हे आधी ठरवून सर्वांना सांगावे.

जुमा आणि रमजान : शुक्रवारच्या नमाजची सुट्टी सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही, त्यासाठी शुक्रवारची वेगळी शिफ्ट लावावी. रमजानच्या वेळा आरंभ व अखेरची तारीख देऊन स्वतंत्र भराव्यात. ईदची सुट्टी चाँद दिसल्यावर दुरुस्त करून हजेरी पुन्हा प्रोसेस करावी, नाहीतर ईदच्या दिवशी सर्वच गैरहजर दिसतात.

जादा कामाचा दरही सॉफ्टवेअरमध्ये नीट भरलेला असावा. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो नेहमीच्या दराच्या दुप्पट होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तो दुपटीपेक्षा कमी चालत नाही.

शेवटी एक सूचना. दर आठवड्याला हजेरीपटाची प्रत कारखान्यात लावावी आणि हरकत सांगायला दोन दिवस द्यावेत. हाताने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण व सही असावी. आठ दिवसांपूर्वीची गोष्ट कारागिराला आठवते, महिन्यापूर्वीची आठवत नाही. मग वाद होतो आणि हाताशी आलेला चांगला कारागीर दुसऱ्याच्या भट्टीवर जातो. मजुरी घामाची असते. ती मशीनच्या चुकीने कापली गेली, तरी जबाबदारी मालकाचीच राहते.