दांड्यावरची शिदोरी

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या वहीवर "ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे" हा शेरा पाचवीपासून दहावीपर्यंत न चुकता मिळाला. त्यामुळे संपादक मंडळात असलेली माझी रूममेट जेव्हा म्हणाली की मराठी विभागात नुसत्या कविताच आल्या आहेत, तू काहीतरी उपयोगाचं लिही, तेव्हा मी दोन दिवस टाळाटाळ केली. मग आठवलं, हॉस्टेलवर या वर्षी मला सगळ्यांत जास्त वेळा एकच प्रश्न विचारला गेलाय. "तुझ्या सायकलच्या दांड्यावर ती एवढीशी बॅग कसली गं? मोबाईल ठेवतेस का?"

मोबाईल नाही. खाऊ ठेवते. आणि ती बॅग नसती तर माझी सायकल आज पहूरच्या घरी, जिन्याखाली, पोत्याखाली झाकलेली असती.

मी मूळची पहूरची. जळगावहून अजिंठ्याकडे जाताना नेरी लागते, मग पहूर, पुढे वाकोद आणि फर्दापूर. (बाबा या रस्त्याला अजून औरंगाबाद रोडच म्हणतात, शहराचं नाव बदललं तरी.) ज्यांना पहूर माहीत नाही त्यांनाही पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे ऐकून माहीत असते. ५६ किलोमीटरची ती नॅरोगेज लाइन आमच्या गावावरून जायची. २०२० मध्ये ती गाडी बंद झाली. हॉस्टेल ते घर जवळजवळ ४० किलोमीटर. सेकंड इयरला मी गिअरची सायकल घेतली आणि शनिवारी सायकलनेच घरी जायला लागले.

त्या ऑक्टोबरमध्ये असंच एका शनिवारी सकाळी सहाला निघाले. मेसचा नाश्ता आठला. आदल्या रात्री सबमिशनच्या गडबडीत जेवण अर्धवट. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, दोन जर्नल्स, कपडे आणि अगदी तळाशी चिवड्याचा डबा. म्हणजे खायला होतं बरं का! पण ते काढायचं तर थांबायचं, सॅक उतरवायची, अर्धा संसार रस्त्याच्या कडेला मांडायचा. नेरी मागे पडली तेव्हा पाय जड वाटायला लागले. म्हटलं, आता घर आलंच, घरीच खाऊ. आणखी थोडं गेल्यावर हात थरथरायला लागले, समोरचा रस्ता जरा लांब लांब दिसायला लागला. मागून ट्रकचा हॉर्न ऐकला तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध होते. कशी कडेला आले ते नीट आठवत नाही. सायकल मुरुमात घुसली आणि मी कपाशीच्या बांधावर बसले. बसले म्हणजे पडलेच.

शेतात कापूस वेचणाऱ्या बायका होत्या. त्यांची भाकरी फडक्यात बांधून बाभळीच्या फांदीला टांगलेली होती. त्यांतल्या एका मावशींनी अर्धी भाकरी, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. वीस मिनिटांत मी माणसात आले. पण तोपर्यंत त्यांनी माझ्याच मोबाईलवरून बाबांना फोन लावला होता. बाबा मोटारसायकलवर आले, सायकल एका ओळखीच्या टेम्पोत टाकली आणि घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "यापुढे एसटी."

आता जरा शास्त्र. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. जोरात सायकल मारली तर दीड-दोन तासांत हा साठा बराच खाली येतो. रात्री नीट जेवण नसेल आणि सकाळी पोटात काही नसेल तर त्याच्याही आधी. चरबी भरपूर असते, पण तिच्यापासून ऊर्जा हळू मिळते, आणि मेंदूला तर ग्लुकोजच लागतं. म्हणून नुसते पाय दमत नाहीत, डोकंही चालेनासं होतं. खरा धोका इथेच आहे. भूक लागलीय हे ज्याने ओळखायचं, तेच आधी बंद पडतं! म्हणून तासाभरापेक्षा लांब राइडला भूक लागण्याची वाट न बघता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जावं, असं सांगतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. चार-पाच साधे खजूर म्हणजे तेवढंच. हिशोब काही अवघड नाही.

अवघड आहे ते खाणं. थांबायचा कंटाळा, लय तुटते, ऊन वाढत असतं. माझ्या सॅकमध्ये डबा होता, तरी मी उपाशी पडले. म्हणून बॅग घेताना "किती मावतं?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, न थांबता, एका हाताने, रस्त्यावरची नजर न हटवता यातलं मला खाता येतं का?

या एका प्रश्नावर बाजारातल्या निम्म्या बॅगा बाद होतात. सीटखालची बॅग बाद, ती हाताला येतच नाही. तिच्यात पंक्चरचं सामान ठेवा. (दशमी ठेवू नका. सोल्युशनचा वास लागलेली दशमी मी खाल्लेली आहे.) पाठीवरची सॅक बाद. शिवाय ती सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर नेते आणि आपल्या उन्हात पाठ भिजवून टाकते, ते वेगळंच. हँडलपुढची बॅग हाताशी असते, पण तिचं वजन हँडलबरोबर वळतं, जास्त भरली की हँडल जड लागतं. राहिली फ्रेम. फ्रेमवरचं वजन दोन चाकांच्या मध्ये राहतं आणि हँडलबरोबर फिरत नाही. ही काही नवी कल्पना नाही. स्विस सैन्याच्या १९०५ च्या मॉडेलच्या सायकलीला फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पेटी होती आणि ती सायकल पुढे कित्येक दशकं वापरात राहिली.

पण फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी मोठी बॅग मी घेतली नाही. कारण ती पाण्याच्या बाटलीची जागा खाते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथे बाटली काढून बॅग लावणं म्हणजे वेडेपणा. म्हणून त्रिकोणाच्या वर, वरच्या दांड्यावर, हँडलच्या मानेला टेकून बसणारी छोटी बॅग.

मापाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे माझे पैसे फुकट गेले. पहिली बॅग मी फोटो बघून मागवली. दिसायला झकास, वर मोबाईलसाठी पारदर्शक खिसा. रुंदी किती ते वाचलंच नाही. पहिल्याच दिवशी दोन्ही गुडघे घासायला लागले. आपण पेडल मारतो तेव्हा गुडघे दांड्याच्या खूप जवळून जातात, आणि उभं राहून मारताना तर आणखीनच. दोन दिवसांत ट्रॅकपँटला भोक. परत पाठवायची मुदत मी व्हायवाच्या नादात घालवली. ती बॅग सध्या माझ्या रूममेटच्या क्लिपा आणि रबरबँड सांभाळते.

दुसऱ्या वेळी मी इंजिनिअरिंग केलं. ड्रॉइंगच्या जुन्या शीटमागचा पुठ्ठा घेतला, २० सेंटिमीटर लांब, ९ उंच आणि ७ रुंद असा खोका केला, सेलोटेपने दांड्यावर चिकटवला आणि बाहेरून खडूची पूड फासली. कॅम्पसला चार चकरा मारल्या. वॉचमनकाकांना वाटलं गॅदरिंगची काहीतरी तयारी आहे. ट्रॅकपँटवर आतून पांढरे पट्टे उमटले. रुंदी ६ केली, तरी थोडे उमटले. ५ केली, स्वच्छ. माझ्यासाठी ५, तुमचे पाय वेगळे, सायकल वेगळी, तुमचं उत्तर वेगळं येईल. पण पुठ्ठा फुकट असतो. २० गुणिले ९ गुणिले ५ म्हणजे ९०० घन सेंटिमीटर, एक लिटरही नाही. सहा-सात तासांच्या राइडचा सुका खाऊ यात बसतो. यापेक्षा मोठी घेतली की आपण त्यात चार्जर, कंगवा, कुलूप असं काहीबाही कोंबतो आणि चिक्की पुन्हा तळाला जाते.

मुलींसाठी एक सूचना. लेडीज सायकलला वरचा दांडा नसतो किंवा खूप उतरता असतो. माझ्या चुलत बहिणीला शाळेतून मिळालेली सायकल तशीच आहे. तिथे ही बॅग घसरत खाली येते. तिच्यासाठी हँडलच्या आतल्या बाजूला उभी लटकणारी कापडी थैली जास्त बरी, फक्त वजन कमी ठेवायचं.

पट्टे तीन हवेत. दोन दांड्याला, एक हँडलच्या मानेला. तिसरा नसला तर खड्डा आला की बॅग कलंडते आणि उघडताना दोन हात लागतात. आणखी एक गोष्ट कुठल्याच दुकानदाराने मला सांगितली नाही. बऱ्याच सायकलींत मागच्या ब्रेकची वायर दांड्याच्या खालून उघडी जाते. व्हेल्क्रोचा पट्टा तिच्यावरून आवळला तर ब्रेक दाबल्यावर पूर्ण सुटत नाही, मागचं चाक घासत राहतं आणि आपण म्हणतो आज पायात दमच नाही! पट्टा वायरच्या आतून घ्या. मग चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा.

आता चेन. (सायकलची नाही, बॅगची.) बंद असताना तिचा हूक हँडलकडे हवा, म्हणजे उघडताना ती आपल्याकडे ओढली जाते. हुकाला दोरीचा मोठा फास बांधा, घामेजल्या बोटांना छोटा हूक सापडत नाही. धूळ आणि घामाच्या मिठाने चेन अडकते, तिच्यावर मेणबत्ती घासायची. "वॉटरप्रूफ" या शब्दावर फार जाऊ नका. कापड पाणी अडवतं, शिवण अडवत नाही. आत धुतलेली दुधाची पिशवी घाला, झालं.

आणि कोणत्या हाताने खायचं? हसू नका, हा गंभीर मुद्दा आहे. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. (स्वतःची तपासून घ्या.) एका हाताने हँडल धरलेलं असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला तर हँडल वळून तोंडावर पडायची भीती. म्हणून डावा हात हँडलवर, मागच्या ब्रेकवर, आणि खायचं उजव्या हाताने. डाव्या हाताने खाल्लेलं आमच्या आजीला चालत नाहीच, तेव्हा फिजिक्स आणि आजी यांचं इथे एकमत आहे. अर्थात सरळ, रिकाम्या रस्त्यावरच. ट्रक मागे असताना, गावातून जाताना, घाटात, अजिबात नाही.

आत काय? एनर्जी बार विसरा. चॉकलेट साधारण ३४ डिग्रीला वितळतं, आणि काळी बॅग उन्हात त्याच्या किती पुढे जात असेल! चॉकलेट लावलेला बार मी एकदा चमच्याने खाल्ला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मिळालं, तिचा मला अभिमान आहे, पण पिकलेलं केळं या बॅगेत तासाभरात शिकरण होतं. किंचित कच्चं घ्या, नाहीतर निघण्याआधी खा. टिकतं ते असं: बिया काढलेले खजूर, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की (उन्हाळ्यात एकेक तुकडा बटर पेपरमध्ये, नाहीतर सगळ्यांचा एकच गोळा). आणि आजीच्या गुळाच्या दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, छोट्या, गुंडाळी करून. एका घासात एक चतुर्थांश जाते, कुरकुरीत नसल्याने घशात अडकत नाही. ओआरएसची दोन पाकिटं कायम. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अंदाजाने चिमूटभर नाही. कागद पुन्हा बॅगेतच, कपाशीच्या शेतात नाही.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये नाशिकचं नाव मोठं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीमने पूर्ण केली. तिथे मागे गाडी असते, खायला हातात मिळतं. आपल्यासारख्यांसाठी ब्रेव्हे हा प्रकार आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत. त्यात दोन कंट्रोल पॉइंटच्या मध्ये मदतीची गाडी चालत नाही, आपली शिदोरी आपल्याजवळ. मला २०० करायची आहे. आधी बाबांचं मन वळवणं आलं.

ते असं वळलं. दोन महिने मी एसटीने गेले. मग जुन्या सॅकचं कापड आणि पुठ्ठ्याचा तो ५ सेंटिमीटरचा खोका घेऊन बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी "फ्रेम बॅग" वगैरे काही ऐकून घेतलं नाही, "दांड्याची पिशवी ना?" म्हणाले आणि तासाभरात शिवून दिली. विकतच्या बॅगेच्या निम्म्या पैशांत. घरी नेऊन बाबांना दाखवली. ते बराच वेळ चेन उघडत-बंद करत बसले. आजी म्हणाली, एवढीशी? हिच्यात काय मावणार? आणि उठून कणीक भिजवायला गेली.

आता अट अशी आहे. नेरीला थांबून फोन करायचा आणि बॅग घरी रिकामी पोहोचली पाहिजे. मी अंगणात सायकल लावली की बाबा माझ्याकडे बघत नाहीत, आधी बॅगेची चेन उघडतात. गेल्या शनिवारी आत एक दशमी उरली होती. त्यावर मला जेवण होईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं.