छायाचित्रे छापून घेताना

मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे साठलेली असतात. पण दिवंगत आजोबांचे एखादे छायाचित्र भिंतीवर लावण्याची वेळ आली, की नेमके तेच धूसर निघते. हा दोष पुष्कळदा छापणाऱ्याचा नसून त्याला दिलेल्या फाइलचा असतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या छायाचित्राचा तपशील वाटेतच कमी झालेला असतो. ज्याने ते टिपले, त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी.

उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने ४ बाय ६ इंचांच्या प्रतीस १२०० बाय १८००, तर ८ बाय १२ इंचांच्या प्रतीस २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात.

सेवा निवडताना केवळ दर पाहू नये. कागद व छपाईची पद्धत कोणती, रंगांत आपोआप बदल केला जातो का आणि कडा कापल्या जातात का, हे आधी विचारावे. मोबाईलचे छायाचित्र बहुधा ४:३ प्रमाणाचे असते, ४ बाय ६ ची प्रत मात्र ३:२ प्रमाणाची. या फरकापायी समूहचित्रात मागच्या रांगेतील मस्तके कापली जाण्याचा संभव असतो.

मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी चार-पाच प्रती नमुन्यादाखल छापून घ्याव्यात व दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. चेहऱ्याचा वर्ण आणि शुभ्र वस्त्र खरे उतरले, तर ती सेवा विश्वासार्ह समजावी. आलेल्या प्रती ऊन व ओल यांपासून दूर ठेवाव्यात. अल्बममध्ये प्रत्येकीखाली नाव, नाते आणि वर्ष लिहावे. ते सांगू शकणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत, तोवरच.